रेम्ब्राँचे घर आणि रेम्ब्राँची चित्रे



चित्रकाराच्या घरात डोकावावे की नाही, याविषयी आमच्या मनात पुष्कळ दिवस संकोच होता. चित्र पाहावे, माणसाच्या चुलीशी आपल्याला काय करावयाचे? परंतु रेम्ब्राँच्या बाबतीत हा संकोच टिकत नाही. कारण त्याने घरची माणसेच चित्रांत आणून बसविली आहेत.

१६३४ साली सास्किया या सुखवस्तू घरच्या मुलीशी त्याने लग्न केले. १६३९ मध्ये ॲम्स्टरडॅमला १३,००० गिल्डरांचे घर घेतले. ऐपतीबाहेरचे, हे पुढे कळले. तीन मुले तान्हेपणीच गेली. चौथा टिटस तेवढा वाचला. १६४२ मध्ये, तिशी पुरी होण्याआधीच, सास्किया वारली. बिछान्यात पडून असलेल्या तिची त्याने काढलेली रेखाटने पाहिली, म्हणजे हा माणूस उशाशी किती वेळ बसत असेल ते समजते.

पुढची सारी गुंतागुंत तिच्या मृत्युपत्रात आहे. मिळकत टिटसची, उपभोग रेम्ब्राँचा, पण पुन्हा लग्न करीपर्यंतच.

टिटसला सांभाळणारी दाई गेर्ट्ये हिच्याशी त्याचा संबंध जडला. सास्कियाचे दागिने तिला मिळाले. लग्नाचे वचन मोडले म्हणून १६४९ मध्ये तिने फिर्याद केली, आणि वर्षाला २०० गिल्डर पोटगीचा निकाल झाला. मग रेम्ब्राँने तिच्याविरुद्ध साक्षी गोळा करण्यास हातभार लावला, आणि १६५० मध्ये तिची गौडा येथील स्त्रियांच्या सुधारगृहात रवानगी झाली. पाच वर्षे ती तेथे होती. रेम्ब्राँच्या भक्तांना हे प्रकरण आवडत नाही. आम्हांलाही आवडत नाही, पण ते झाकून ठेवणे बरे नव्हे. म्हाताऱ्या भिकाऱ्याच्या सुरकुतीत ज्याला करुणा दिसली, त्याला घरातल्या बाईची बाजू दिसली नाही. तिचे म्हणून खात्रीने दाखवावे असे एकही चित्र नाही.

दरम्यान घरात हेंड्रिक्ये आली होती. १६५४ मध्ये ती गरोदर असताना चर्चच्या पंचांनी तिला बोलावून घेतले व प्रभुभोजनाच्या विधीतून तिला वगळले. शिक्षा झाली ती तिलाच. त्याच वर्षी रेम्ब्राँने बथशेबा रंगविली. चित्र पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. दावीद राजाला परस्त्रीचा मोह झाला, ही बायबलातील कथा. पुष्कळांनी ती राजाच्या नजरेने रंगविली. येथे राजा चित्रात नाहीच. हातात त्याचे पत्र आहे, दासी पाय पुसते आहे, आणि ती स्त्री खाली पाहत विचारात बुडाली आहे: नाही म्हणण्याची सोय नाही, आणि हो म्हटले तर बोल तिलाच लागणार. हेंड्रिक्येच या चित्रासाठी बसली, असे पुष्कळ जाणकार मानतात. कागदोपत्री पुरावा नाही. चेहरा कोणाचाही असो, अशा स्त्रीच्या मनात काय चालते हे त्या वर्षी रेम्ब्राँला बाहेर विचारावयास जावे लागले नसेल.

१६५६ मध्ये दिवाळे वाजले, पाठोपाठ संग्रह आणि घर विकले गेले. मग एक गमतीची, खरे म्हणजे करुण, तजवीज झाली. १६६० मध्ये हेंड्रिक्ये आणि टिटस यांनी चित्रविक्रीची भागीदारी केली आणि रेम्ब्राँ तिचा आश्रित कामगार झाला. म्हणजे सावकारांना त्याच्या नव्या चित्रांवर हात टाकता येईना. बाप पोराच्या दुकानात नोकर! पण या पोराला तो कसा पाहत असे, हे रॉटरडॅमच्या १६५५ च्या चित्रात दिसते. टिटस मेजाशी बसला आहे, लेखणीच्या हाताचा अंगठा गालात रुतला आहे, आणि पुढचे वाक्य सुचत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला असे बिनतक्रार न्याहाळीत राहणे बापालाच जमते.

हेंड्रिक्ये १६६३ मध्ये गेली. टिटसने १६६८ मध्ये लग्न केले आणि त्याच वर्षी तोही गेला. त्याची मुलगी टिशिया पुढल्या मार्चमध्ये जन्मली. ऑक्टोबरात आजोबाही वारले. मागे एक अपुरे चित्र राहिले, ते आज स्टॉकहोमला आहे. वृद्ध शिमोनाच्या हातांवर बाळ येशू आहे. म्हाताऱ्याचे डोळे मिटत आले आहेत. हात ताठ पुढे आहेत, आणि बोटे बाळाला धरण्यासाठी अजून वळलेली नाहीत.