गटाचा ओव्हन बंद पडला तर…

दिवाळीच्या नानकटाईची ऑर्डर हातात आहे आणि ओव्हन तापत नाही. अशा वेळी काय करायचं? आधी स्विच बंद करून प्लग काढायचा. मग एकेक गोष्ट बघायची.

त्याच सॉकेटला इस्त्री लावून बघा. तीही तापली नाही, तर खोट सॉकेटमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे. इस्त्री तापली, तर ओव्हनचा टायमर फिरवलाय का ते पाहा. पुष्कळ ओव्हन त्याशिवाय सुरूच होत नाहीत.

नानकटाई वरून लाल आणि खालून कच्ची राहते? मग बटण वरच्या-खालच्या दोन्ही रॉडवर ठेवा. तरीही खालचा तापत नसेल, तर रॉड जळाला असेल किंवा त्याची तार सुटली असेल. सगळा ओव्हन टाकून देऊ नका. बऱ्याचदा नुसता रॉड बदलून मिळतो. हे काम मात्र कारागिराचं. जाताना ओव्हनच्या लेबलवरचा मॉडेल नंबर आणि वॅट लिहून न्या.

प्लग गरम होतो, काळा पडतो? २००० वॅटचा ओव्हन जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचं सॉकेटच हवं. ६ अँपिअरच्या साध्या बोर्डावर तो लावू नका.

आणि हात लावताच झिणझिण्या आल्या, तर चप्पल घालून काम उरकू नका. मेन स्विच बंद करा, वायरमनकडून ओव्हन आणि अर्थिंग दोन्ही तपासून घ्या. प्लगची मोठी पिन अर्थिंगची असते, ती कधीही कापू नका.

ऑर्डर एक दिवस उशिरा गेली तरी चालेल. आपली बाई सुखरूप हवी.