तुला काय दिसलं?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मराठीच्या पेपरात उपमा, रूपक ओळखून आपण दोन-दोन गुण मिळवले. पण ओळखलेली प्रतिमा मनाला का भिडते, हा प्रश्न पेपरात नसायचा. आज गुणांची चिंता नाही, म्हणून तोच घेतो.

जळगावच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या १९५१ साली गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपानं १९५२ मध्ये आली. मन म्हणजे कितीही हाकललं तरी पुन्हा पिकात शिरणारं ढोर, असं त्यांनी पाहिलं. ‘मन चंचल आहे’ हे वाक्य ऐकून आपण नुसती मान डोलावतो. ते ढोर मात्र आपल्याला शेतभर पळवतं, दमवतं. डोक्याला समजण्याआधी अंगाला कळतं, ही प्रतिमेची ताकद.

दुसरी कविता या सभागृहात आठवायलाच हवी : कुसुमाग्रजांची ‘कणा’. पुरात सापडलेला विद्यार्थी सरांकडे येतो. घर उद्ध्वस्त करणारी नदी त्याला वैरीण वाटत नाही. माहेरी आलेली लेक वाटते. नाशिककरांची गोदावरी म्हणजे गंगाच, घरच्या माणसाला बोल कसा लावायचा? बोलण्यात लेकीचं कौतुक आणि मागे खचलेल्या भिंती. या दोहोंच्या मध्ये आपल्या घशात आवंढा येतो. कवीनं ‘रडा’ म्हटलेलं नसतं.

शेवटी तो पैसे नाकारतो आणि फक्त पाठीवर हात मागतो. पंधराव्या वर्षी पाठीवरचा हात म्हणजे शाबासकी, एवढंच आपल्याला ठाऊक होतं. त्यानंतर कुणाची नोकरी गेली, कुणाचं घरचं माणूस गेलं. कवितेतला एक शब्दही बदलला नाही, पण त्या हाताचं वजन आता कळतं. कवी चित्र देतो. त्यात जीव आपल्या आयुष्यातून येतो.

म्हणून नातवंडांना कविता वाचून दाखवाल तेव्हा अर्थ सांगण्याची घाई करू नका. ‘तुला काय दिसलं?’ एवढंच विचारा. आणि आपल्यातले जे आज आले नाहीत, त्यांना या आठवड्यात एक फोन करा. कारण विचारू नका. नुसता पाठीवर हात ठेवल्यासारखं बोला.

सर, बाई, तुमचे हात आमच्या पाठीवर होते, म्हणून ही कविता आम्हाला कळली.