पापण्यांची शस्त्रक्रिया : काय अपेक्षा ठेवावी?



पापण्यांचे सैल कातडे माझ्या डोळ्यांवर उतरू लागले, तेव्हा वर्गात मुले कुजबुजत, "सर पेंगताहेत!" अखेर शस्त्रक्रिया करविली. भूल पापणीपुरतीच होती. मी जागाच होतो. जादा कातडे काढून घडीतच टाके घातले. ते आठवड्याने काढले. सूज व काळेनिळेपणा दोन आठवडे राहिला. वण फिका होण्यास काही महिने लागले. डोळे कोरडे पडत, म्हणून थेंब घालावे लागत. रक्त पातळ करणारी औषधे घेत असाल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. नंतर तीव्र वेदना झाल्या किंवा दृष्टी एकाएकी कमी झाली, तर तत्काळ इस्पितळ गाठावे. यौवन परत येत नाही. मला ते नकोच होते. शेवटच्या बाकावरचा मुलगा दिसू लागला, एवढे पुरे.