कायद्याचा हेतू आणि काठी



शरियतीचे नाव निघाले की डोळ्यांपुढे काठी उभी राहते. काठी कशासाठी, हे कोणी विचारीत नाही. इमाम गझाली (मृत्यू 1111) यांनी त्या कायद्याचे पाच हेतू सांगितले: धर्म, प्राण, बुद्धी, वंश आणि मालमत्ता यांचे रक्षण. भल्याचा आग्रह धरणे व बुऱ्याला मनाई करणे, हे कर्तव्य या हेतूंसाठीच आहे.

ते बजावणारा सरकारी अंमलदार म्हणजे मुहतसिब. त्याचे मुख्य ठिकाण बाजार. मापात पाप, दुधात पाणी, जनावरावर बेसुमार ओझे, तेथे त्याने हात धरावयाचा. आपल्या चांदवडच्या बाजारात कांदा घालून काट्याकडे डोळे लावणाऱ्या शेतकऱ्याला याचे मोल सांगावयास नको.

पण उंबऱ्यापाशी त्याने थांबावयाचे. गझालींनी कथा दिली आहे. खलिफा उमर भिंत चढून एकाच्या घरात उतरले व त्याला पाप करताना त्यांनी पकडले. तो म्हणाला, माझा गुन्हा एक, आपले तीन: हेरगिरी केलीत, दाराने आला नाहीत, सलाम केला नाहीत. उमर परत फिरले.

आम्हांला ही कथा बोचते. संपाच्या दिवसांत कामावर जाणाऱ्या सोबत्याचे दार आम्हीही मध्यरात्री ठोठावले आहे. हेतू सर्वांच्या भाकरीचा होता. भ्याली ती त्याची लेकरे.

मग घरातल्या अन्यायाचे काय? 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम भगिनी तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत विधिमंडळावर गेल्या. दार त्यांनी आतून उघडले होते. अशी हाक आली की कायद्याने धावावे. हाक नसता भिंत चढू नये.