आठवीची परीक्षा : द्यावी की न द्यावी?



आठवीच्या वर्गात एन.एम.एम.एस. परीक्षेची सूचना निघाली की काही पालक विचारतात, "सर, कॉलेजला अजून चार वर्षे आहेत. आतापासून पोराच्या डोक्याला ताप कशाला?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आज त्याचाच विचार करू.

ही शिष्यवृत्ती केंद्र सरकारने २००८ साली सुरू केली. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील ज्या मुलांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठी ती आहे. सातवीत सर्वसाधारणपणे ५५ टक्के गुण लागतात. निवड झाल्यास नववी ते बारावी दरसाल १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. अब्बा यंत्रमागावर आणि अम्मी विड्या वळायला बसते, अशा घराला ही रक्कम लहान नाही. दहावीनंतर मुलीचे शिक्षण थांबवण्याची चर्चा अनेक घरांत खर्चापासूनच सुरू होते, हे आपण जाणतोच.

परंतु निवड थोड्यांचीच होते. मग बाकीच्यांनी का बसावे? माझ्या मते खरा लाभ इथेच आहे. या परीक्षेत बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर असतात. प्रत्येकी ९० प्रश्न, वेळ ९० मिनिटे. बारावीनंतर 'नीट'मध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न, तर एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात तेवढ्याच वेळात १५० प्रश्न सोडवावे लागतात. आपली मुले बोर्डाच्या परीक्षेसाठी उत्तरे लिहायला शिकतात. चार पर्यायांतून एक निवडणे, अडलेला प्रश्न सोडून पुढे जाणे, घड्याळाकडे लक्ष ठेवणे, हा सराव वेगळा आहे. तो आठवीत चुकला तर काही बिघडत नाही. बारावीनंतर चुकला तर वर्ष जाते. भाषेचीही अडचण नाही. ही परीक्षा मराठीप्रमाणे उर्दूतूनही देता येते, आणि 'नीट'चा पेपरही २०१८ पासून उर्दूत मिळतो.

मात्र पालकांना काही विनंत्या. महागडा क्लास लावण्याची गरज नाही. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून घरी सोडवून घ्या. निकाल काहीही लागो, "शेजारच्याचा नंबर लागला, तुझा का नाही?" असे म्हणू नका. दीड तासाचा पेपर मुलाची सगळी लायकी सांगत नाही. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा आणि आधार व बँक खात्यावरचे नाव एकसारखे करून घ्या. निवड झाली तर दरवर्षी नूतनीकरण विसरू नका, आणि दहावीत ६० टक्के गुण लागतात हेही लक्षात ठेवा. मिळालेली शिष्यवृत्ती कागदापायी बुडाली तर दोष कुणाला द्यायचा?

विद्यार्थी मित्रांनो, नववीत गेल्यावर ही संधी परत येत नाही. अर्ज शाळेमार्फत भरला जातो. तेव्हा सूचना निघण्याची वाट न पाहता उद्याच मुख्याध्यापकांना भेटा. मुलींनी तर अवश्य भेटावे. यश आले तर शिक्षणाला आधार मिळेल. नाही आले, तरी चार वर्षांनी प्रवेश परीक्षेच्या दालनात बसताना तो पेपर तुम्हाला अनोळखी वाटणार नाही.