मागण्यांची वही संगणकावर

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण, थोडे नीटनेटके करून)



बाकीचे वक्ते तुम्हाला पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगतील. बोअरवेल, पहिला गणपती, गच्चीवरची कोजागिरी. मी त्या मानाने रुक्ष विषय घेतला आहे. आपण २०१९ साली बसवलेलं आणि २०२३ साली अपग्रेड केलेलं, सोसायटीच्या मागण्या नोंदवायचं सॉफ्टवेअर. दरवर्षी उत्पन्न-खर्च पत्रकात सर्व्हरच्या भाड्याची ओळ आली की कोणीतरी उठून विचारतं, "हे कशाला? आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे की!" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर सविस्तर द्यायचं राहिलंय, ते आज देतो.

आधी पार्श्वभूमी. इमारती पंधरा ते तीस वर्षांच्या असल्या की दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं, हे उपविधीत आहे. २०१९ चं ऑडिट झालं आणि मोठी दुरुस्ती काढायचं ठरलं. प्लंबिंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, तिन्ही विंगच्या लिफ्ट. समितीने सभासदांकडून मागण्या मागवल्या. चौऱ्याऐंशी सदनिकांतून एकशे त्रेचाळीस चिठ्ठ्या आल्या. काही वहीच्या पानावर, एक तर लग्नपत्रिकेच्या मागे. ग्रुपवरचे मेसेज वेगळेच.

त्यांतल्या बहुतेक मागण्या नव्हत्या, तक्रारी होत्या. "पाणी नीट येत नाही." आता 'नीट' म्हणजे काय? कंत्राटदाराने पाइप बदलले आणि म्हणाला, "येतंय की नीट," तर आपण कशावर बोट ठेवणार? तीच गोष्ट अशी लिहा : "सकाळी सहा ते आठ या वेळात सातव्या मजल्यावरच्या दोन नळांतून एकाच वेळी पुरेशा दाबाने पाणी आलं पाहिजे. बादली पाच मिनिटांत भरली पाहिजे." ही मागणी झाली, कारण ती तपासता येते. बादली आणि घड्याळ घेऊन कोणीही तपासावी.

बी विंगमधली आपली एक मुलगी आयटी कंपनीत याच कामात आहे. तिने मला सांगितलं, "काका, आमच्याकडे याचं वेगळं शास्त्र आहे. विमान, मोटारी, हॉस्पिटलची यंत्रं करताना प्रत्येक गरजेला नंबर देतात. ती कोणी मागितली, का मागितली, कशी तपासायची आणि ती कोणत्या कामात उतरली, हे सगळं जोडून ठेवतात." मला ते लगेच पटलं. बँकेत व्हाउचरशिवाय नोंद नाही, आणि नोंदीवरून व्हाउचर सापडलंच पाहिजे. तेच हे.

या कामाची मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर्स आपल्याला परवडणारी नव्हती. तिने रेडमाइन सुचवलं. ते २००६ पासून आहे, खुल्या परवान्यावर मोफत मिळतं. मुळात ते कामांच्या नोंदी ठेवायचं आहे, पण आपल्याला हवे ते रकाने त्यात जोडता येतात. आपण तीन जोडले : 'कारण', 'तपासणी कशी' आणि 'सभेचा ठराव क्रमांक'. 'कारण' रिकामं ठेवलं तर नोंद जतनच होत नाही, अशी सक्ती घातली. ब्राउझरमध्ये उघडतं, त्यामुळे कोणाच्या संगणकावर काही बसवावं लागत नाही. बसवायचं ते एकाच ठिकाणी, सर्व्हरवर.

ते बसवताना मी शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. मला त्यातलं कळलं ते सांगतो. आधी रुबी नावाच्या संगणकीय भाषेची योग्य आवृत्ती घालावी लागते. मग डेटाबेस, म्हणजे आपलं लेजर. मग सॉफ्टवेअर उलगडायचं, एका छोट्या फाइलमध्ये लेजर कुठे आहे आणि त्याची किल्ली काय ते लिहायचं, आणि आज्ञा दिली की ते स्वतःच लेजरमध्ये कोरे तक्ते आखून घेतं. दुपारभराचं काम. बसवल्यावर पहिल्या वापरकर्त्याचं नाव अ‍ॅडमिन असतं आणि पासवर्डही अ‍ॅडमिनच. हे जगजाहीर आहे, तेव्हा तो त्याच क्षणी बदलायचा. मी म्हटलं, स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात, इथेही तसंच करू. नवा पासवर्ड बंद पाकिटात, पाकिटावर सेक्रेटरी आणि खजिनदार दोघांच्या सह्या. ते पाकीट आजही कपाटात आहे.

दुपार सॉफ्टवेअर बसवायला लागली, पण मागण्या लिहायला अडीच महिने गेले. चिठ्ठी घेऊन घरोघरी जायचं, "तुम्हाला नेमकं काय हवंय आणि का?" असं विचारायचं. एकशे त्रेचाळीसच्या एकसष्ट झाल्या, कारण पुष्कळ जणांचं दुखणं एकच होतं. ती यादी सर्वसाधारण सभेपुढे ठेवली, मंजूर झाली आणि तिथे गोठवली. त्यानंतर बदल हवा तर ठरावाने.

त्यातली अडतीस नंबरची मागणी मी आज मुद्दाम सांगणार आहे. संबंधित कुटुंबाला विचारून सांगतोय. ए विंगच्या पाचव्या मजल्यावरच्या वहिनींना पक्षाघातानंतर चाकाची खुर्ची लागते. जुन्या लिफ्टची जाळी पूर्ण सरकवली तरी उघडी जागा जेमतेम सातशे मिलिमीटर. खुर्ची साडेसहाशेची. कागदावर ती जाते. पण समोरचा पॅसेज अरुंद असल्यामुळे खुर्ची तिरकी घ्यावी लागते आणि चाकावरचे हात घासतात. म्हणून दरवेळी त्यांना उचलून स्टुलावर बसवायचं, खुर्ची घडी करून मागून आणायची. भाऊंनी हे सगळं एका पत्रात लिहिलं होतं, पॅसेजच्या मापांसकट हाताने नकाशा काढून. मागणी अशी नोंदली : "लिफ्टच्या दाराची मोकळी रुंदी किमान ८०० मिलिमीटर." 'कारण' या रकान्यात लिहिलं, "सोबतचं पत्र पाहावं," आणि पत्राचा स्कॅन जोडला.

पुढे करोना आला, काम लांबलं. २०२२ मध्ये समितीची मुदत संपून निवडणूक झाली, नवी समिती आली. जुन्या सेक्रेटरींनी फ्लॅट विकून मुलाकडे जायचं ठरवलं. २०२३ मध्ये लिफ्टचे दर मागवायची वेळ आली तेव्हा अडतीस नंबर का लिहिला हे तोंडी सांगू शकणारे आम्ही दोघं-तिघंच उरलो होतो.

नेमका त्याच सुमारास अपग्रेडचा प्रश्न आला. सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांनी कळवलं, जुनी प्रणाली आम्ही बंद करतोय, नव्यावर या. नव्या प्रणालीवर आपली जुनी आवृत्ती चालणार नव्हती. समितीत दोन मतं पडली. एक म्हणे, चालतंय तोवर हात लावू नका. दुसरं म्हणे, एका रात्रीत उरकून टाका.

इथे मला बँकेतला अनुभव उपयोगी पडला. १९८३ साली रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, १९८४ मध्ये तिचा अहवाल आला, आणि पुढे शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची मशिनं आली. आमच्या शाखेत मशिन आल्यावर हाताची लेजर्स लगेच बंद केली नाहीत. कित्येक महिने दोन्हीकडे लिहायचं आणि संध्याकाळी दोन्हींचा मेळ घालायचा. सगळे वैतागायचे, घरी जायला नऊ वाजायचे. पण मेळ जमेपर्यंत जुनं लेजर बांधून ठेवायचं नाही, हा नियम होता. २००० च्या पुढे कोअर बँकिंग आलं तेव्हाही डेटा नव्या प्रणालीत नेऊन आधी चाचणी, मग मेळ, मग बदल. हाच क्रम.

तोच आपण ठेवला. चालू सर्व्हरला हात न लावता वेगळ्या जागी एक प्रत उभी केली आणि त्या प्रतीवर अपग्रेड केलं. अपग्रेडमध्ये सॉफ्टवेअर लेजरचे तक्ते नव्या पद्धतीने आखून घेतं. ते एकदा आखले की मागे जायचा भरवशाचा रस्ता म्हणजे बॅकअप. म्हणून बॅकअप आधी. आमचं एक जोड-सॉफ्टवेअर, ज्याला ही मुलं प्लगइन म्हणतात, नव्या आवृत्तीवर चालेना. ते काढून टाकलं, कारण त्यावाचून काम अडत नव्हतं. मग मी यादी घेऊन मेळ घालायला बसलो. एकसष्ट नोंदी, एकसष्ट मिळाल्या. ठराव क्रमांक मिळाले. तारखा मिळाल्या. सगळे म्हणाले, झालं!

मी म्हटलं, शिल्लक जुळली, आता व्हाउचरं बघू. एकेक नोंद उघडून जोडलेला कागद उघडायला घेतला. एकही उघडेना. नाव दिसतंय, तारीख दिसतेय, कागद नाही. अडतीस नंबरचं पत्रही नाही.

कारण साधं होतं. नोंदी डेटाबेसमध्ये असतात, पण जोडलेले कागद आणि फोटो सर्व्हरवरच्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. डेटाबेसमध्ये असतं ते फक्त कोणत्या नोंदीला कोणता कागद, एवढंच. रोज रात्री आपोआप निघणारा बॅकअप, तो ठरवून दिला होता बाहेरच्या एका तंत्रज्ञाने, फक्त डेटाबेसचा निघत होता. चार वर्षं रोज निघत होता, रोज 'यशस्वी' असा ईमेल येत होता. समजा एका रात्रीत उरकलं असतं, जुना सर्व्हर भाड्याच्या मुदतीनंतर पुसला गेला असता, तर एकसष्ट मागण्या शिल्लक राहिल्या असत्या आणि त्यांची कारणं गेली असती.

चाचणी होती, चालू सर्व्हर शाबूत होता. ते फोल्डर नेलं, कागद उघडले, पुन्हा मेळ घातला आणि मग एका रविवारी खरं अपग्रेड केलं. सकाळी दहाला सर्वांना नोंदी बंद, दोन्ही बॅकअप, अपग्रेड, तपासणी, दुपारी तीनला सुरू.

दोन महिन्यांनी लिफ्टचे दर आले. सर्वांत कमी दर होता सातशेच्या दाराचा. तीन लिफ्टमध्ये मिळून फरक मोठा होता. नव्या समितीचा कल तिकडेच होता, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही, पैसे सभासदांचेच वाचत होते. नव्या सेक्रेटरींनी मंजूर यादीशी दर ताडून पाहिले, अडतीस नंबर उघडला आणि भाऊंचं पत्र वाचलं. सभेत ते एवढंच म्हणाले, "सातशेचं दार घेतलं तर नवी लिफ्ट आली तरी वहिनींना उचलूनच न्यावं लागेल." चर्चा पाच मिनिटांत संपली. आठशेचं दार आलं. आज वहिनी खाली कार्यक्रमाला आल्या आहेत, समोर बसल्या आहेत, आणि खुर्चीवरून उतरल्या नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कशासाठी चांगला आहे? पाणी आज येणार नाही, हे सांगायला. पण चार वर्षांपूर्वी कोणी काय मागितलं होतं आणि का, हे तिथे शोधून दाखवा. तुमचा मोबाइल बदलला की अर्धं गेलं. आणि कागदाची वही? ती मला प्रिय आहे, पण ती एका कपाटात असते आणि किल्ली एकाच माणसाकडे असते.

आता पुढच्या समित्यांना तीन विनंत्या करतो. बँकेत चार्ज देताना यादी करून सही घेत असू, त्या भावनेने ऐका.

एक : बॅकअप निघतो यावर समाधान मानू नका. दर सहा महिन्यांनी तो दुसरीकडे उभा करून बघा आणि कुठलेही पाच कागद उघडा. उघडले तर तो बॅकअप.

दोन : अपग्रेड टाळू नका. टाळलेल्या अपग्रेडवर व्याज चढतं. जितकी आवृत्ती जुनी, तितकी पुढची उडी लांब. पण आधी प्रतीवर, मेळ घालून, मगच खऱ्यावर.

तीन : मागणी रद्द करायची असेल तर खुशाल करा, पण पुसू नका. बँकेत चुकीच्या आकड्यावर रेघ मारून सही करायचो, खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे. इथेही 'रद्द' लिहा, कारण लिहा, ठराव क्रमांक लिहा.

पंचवीस वर्षांत या सोसायटीच्या किती समित्या झाल्या! पुढच्या पंचवीस वर्षांत पुनर्विकासही येईल. तेव्हा मागण्या शेकड्यांनी असतील आणि समोर बिल्डर असेल. तेव्हा टेबलावर आपल्याला काय हवंय याच्यासोबत का हवंय हेही लिहिलेलं असू द्या. सॉफ्टवेअर तोवर तिसरं-चौथं असेल, नाव वेगळं असेल, हरकत नाही. या कामात ज्या मुलांनी रविवार घातले त्यांचे सोसायटीतर्फे आभार मानतो आणि सर्व्हरच्या भाड्याची ती ओळ यंदाही मंजूर करावी अशी विनंती करून थांबतो.