आवड नेमकी कोणाची?

(बीड येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



सौंदर्याचा विषय कार्यकर्त्यांपुढे कशासाठी, असे तुमच्यापैकी काहींना वाटेल. ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून आपण तो सोडून देतो. परंतु आवड खरोखर ज्याची त्याची असते काय, हे तपासले पाहिजे.

शेअरबाजाराचे वर्तन समजावताना केन्सने १९३६ साली वृत्तपत्रातील एका स्पर्धेचा दाखला दिला. शंभर छायाचित्रांतून सहा सुंदर चेहरे निवडायचे. बक्षीस मात्र ज्याची निवड सर्व स्पर्धकांच्या सरासरी पसंतीशी जुळेल त्याला. मग स्वतःला भावलेला चेहरा कोणी निवडीत नाही. इतरांना कोणता आवडेल याचा जो तो अंदाज करतो, आणि इतरही तेच करीत असतात.

आपल्याकडे मुलगी पाहण्याच्या बैठकीत याहून वेगळे काय घडते? मुलाला मुलगी पसंत असते. पण घरातले म्हणतात, ‘रंग जरा कमी आहे, लोक काय म्हणतील?’ ते लोकही आपापल्या घरी हेच म्हणत असतात. अखेर कोणाचीच नसलेली आवड सर्वांवर राज्य करते.

या आवडीला जातीच्या अहंकाराचा आधार आहे, तसाच श्रमाच्या तुच्छतेचाही. गोरा रंग म्हणजे उन्हात राबावे न लागणाऱ्या घराची खूण. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात. फडात बाईच्या हातांवाचून तो कोयता पुरा होत नाही. बैठकीत मात्र त्याच उन्हाने रापलेला रंग तिचे उणे ठरतो, आणि ते उणे बापाने हुंड्यात भरून काढायचे! हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. २०२० साली त्या नावातला ‘फेअर’ गेला. बैठकीतला प्रश्न तेवढा राहिला.

आपली दृष्टीच अशी घडली आहे, असे कोणी म्हणेल. मग पंढरीच्या सावळ्या विठ्ठलाचे रूप डोळे भरून पाहताना ती दृष्टी कुठे जाते? जेथे प्रेम आहे तेथे रंग आड येत नाही. याचा अर्थ आवड घडते, आणि जे घडते ते बदलताही येते.

एक कबुली देतो. तरुणपणी मीही एका मुलीला केवळ ‘सावळी’ म्हणून नकार कळविला होता. त्या वर्षी वर्गात मी केन्सच शिकवीत होतो. नकार माझा होता, पण डोळे माझे नव्हते, हे समजायला फार वर्षे लागली. त्या घराने तो नकार कसा सोसला असेल, हे विचारण्याचे धैर्य मला कधी झाले नाही.

म्हणून सांगतो : व्यासपीठावरून समतेचे ठराव अवश्य करा, पण आपल्या मुलासाठी मुलगी पाहायला जाल तेव्हा रंगाचा उच्चार करू नका, आणि दुसऱ्याने केला तर तेथेच अडवा. समतेची खरी परीक्षा त्या बैठकीत आहे.